लास्टची तीन घरं

पप्पा, गेल्या महिन्यात आई गेली. तुमच्याच कबरीत ठेवा, एवढं एकच तिचं मागणं होतं. म्हणून ती कबर उघडली, आणि तेव्हापासून मला तुमचा 'लास्ट' आठवतोय.

सातवीचा वर्ग. तुम्ही माझे वडील आणि इंग्रजीचे सरही, म्हणजे माझी धडगत नाही. लास्ट म्हणजे काय, असं तुम्ही विचारता आणि मी फटकन सांगते: शेवटचा, आणि टिकणं, एकाच शब्दाचे दोन अर्थ. "तोंडं सारखी म्हणून भावंडं होत नाहीत," तुम्ही सगळ्यांदेखत सुनावता. "आधी घर विचारावं." मग फळ्यावर तीन घरं काढता. शेवटचा लास्ट 'लेट'च्या घरातला, सगळ्यांत उशिरा आलेला. गलबतावर चढवायच्या मालाचं एक जुनं माप, त्यालाही लास्टच म्हणायचे, ते ओझ्याच्या घरातलं. तिसरं घर दाखवायला तुम्ही पिशवीतून एक लाकडी पाऊल काढून टेबलावर ठेवता. तुमचा डावा पाय दोन बोटं आखूड होता आणि मोची त्या पावलावर तुमचा जाड तळाचा बूट शिवायचा. बूट शिवायच्या या साच्यालाही इंग्रजीत लास्ट म्हणतात. हा आणि टिकणारा लास्ट मात्र सख्खी भावंडं, दोघांचं मूळ पाऊलखूण. पुढच्याचा माग न सोडता जो चालत राहिला, तो टिकला. मला तुमचा राग आला होता, पण त्या एकट्या पावलाकडे बघवतही नव्हतं.

आपल्या गावची रीत तुम्हाला ठाऊक आहे. नवं मयत ठेवण्याआधी जुनी हाडं काढून पिशवीत बांधायची आणि हे आमचंच माणूस, असं घरच्यानं सांगायचं. भाऊ चर्चमध्ये आईच्या पेटीजवळ होता, म्हणून मी गेले. टळटळीत दुपार, आणि तरी त्या खड्ड्यातून गारवा येत होता. खणणारा गडी खालून म्हणाला, "बाय, कातडं जाते, तळ तेवढे ऱ्हातात." त्यानं बुटांचे दोन तळ वर काठावर शेजारी शेजारी ठेवले.

दोन्ही सारखे होते. मी खाली बसले, माती पुसली, बोटानं जाडी मोजली. तुम्हाला त्या जाड तळाच्या बुटातच पुरलं होतं, त्याची नाडी मीच बांधली होती.

"तुमचेच ना? लवकर बोला, खाली पानी लागलंय."

फाटकातून आईची पेटी आत येत होती. मी म्हणाले, "हो. पप्पाच."

आता मला नीट झोप लागत नाही. इतकी वर्षं सर्व मृतांच्या दिवशी मी तिथे मेणबत्ती लावून बोलत आले. नोकरी लागल्याचं सांगितलं, लग्न मोडल्याचं सांगितलं, आईला सांगता येत नव्हतं तेही सांगितलं. कुणीतरी ऐकत होतं. आता त्याच्या शेजारी मी आईला ठेवून आले आहे, आणि त्याचं नावसुद्धा मला माहीत नाही. परवा कबरस्तानात गेले तर पाय टाकायची भीती वाटली. कुठल्याही क्रूसाखाली तुम्ही असाल, किंवा दुसऱ्याच कुणीतरी तुम्हाला आपलं म्हणून पिशवीत बांधलंही असेल.

भाऊ विचारतोय, कबरीवरच्या फरशीवर आईचं नाव कधी कोरायचं. मी टाळते आहे. हे पत्रही कुठे ठेवावं कळत नाही. तिथे ठेवलं तर वाचणारा तोच.

आणखी एक सांगायचं राहिलंय. तुम्ही गेल्यावर पहिल्याच पावसाळ्यानंतर गवत काढणाऱ्यांनी सगळे लाकडी क्रूस उपटून भिंतीशी रचले होते. फरशी बसवायला गवंडी आला तेव्हा आई नुसती रडत होती. जागा कुठली, असं त्यानं मला विचारलं आणि मी बोट दाखवलं. तेव्हाही मला नक्की माहीत नव्हतं, पप्पा.