राजीखुशीचा कागद

मांडवी, रत्नागिरी
रविवार, ता. २६ नोव्हेंबर १९३३

चि. राहीस हरिश्चंद्राचा आशीर्वाद.

इकडे सगळी खुशाल आहेत. आईचा गुडघा थंडीनं धरला आहे, तरी रोज सकाळी काठी टेकत ती समुद्राकडच्या पडवीत जाऊन बसते. तुझी दमयंतीवहिनी बरी आहे. तिनं तुझ्यासाठी खारे बांगडे बांधून ठेवलेत. अलोऱ्याकडे जाणारं कुणी ओळखीचं मिळालं की पाठवील. तुमची भातं झोडून झाली का? चि. गंगा आता नऊ वर्षांची झाली असेल. तुझे थोरले दीर काशीराम आणि घरची मंडळी यांचं कसं काय आहे, ते सवडीनं कळव.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत तुला सौभाग्यवती लिहीत होतो. त्या जागी आता जे लिहायची रीत आहे, ते माझ्या हातून लिहवत नाही. म्हणून नुसतं चिरंजीव लिहिलं आहे.

मी दसऱ्याला आखातातून रजेवर आलो. अलोऱ्याला यायचं म्हणत होतो, पण आधी घराची डागडुजी निघाली, मग आईचं दुखणं. ही सारी निमित्तं आहेत, हे तुलाही कळत असेल. जानेवारीत पुन्हा तेलाच्या बंदरावर जायचं ठरलं होतं. कंपनी मला आता थोरला मिस्त्री करणार होती.

गेल्या सोमवारी मुंबईहून लखोटा आला. परदेशी कामाला जाणाऱ्या माणसांची नोंद ठेवणारी जी सरकारी कचेरी आहे ना, जिथं आपल्या आठ सुतारांची नावं लागली होती, तिथून. तू त्यांना अर्ज केलास हे त्यावरून कळलं. अर्जाची नक्कल सोबत होती. ‘माझे यजमान काम टाकून येणारे नव्हते. ते का निघाले याची चौकशी व्हावी.’ वर कराराच्या कलमाचा आकडा आणि खाली एवढंच तू लिहिलं आहेस. ते वाचून मी लखोटा फडताळात ठेवला आणि बंदरावर जाऊन दिवसभर नुसता बसून राहिलो.

ही दोन वाक्यं तू मलाही लिहिली होतीस, भागोजी गेल्यावर. मी उलट टपाली लिहिलं की मला काही ठाऊक नाही.

राही, मला ठाऊक होतं.

हे पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. तू चौथी शिकलीस याचा आज मला आधार वाटतो.

१९२९ साली मीच अलोऱ्याला आलो होतो. कंपनीला धक्क्याच्या कामाला सुतार हवे होते आणि मी तिथं तीन वर्षं काढून आलेला, म्हणून माणसं जमवायचं माझ्याकडे दिलं. तू नको म्हणत होतीस. मी तुला म्हटलं, हे काही पूर्वीसारखं नाही, आता सरकारचा कायदा आहे, मालकाला पाहिजे तसं वागता येत नाही. ते खोटं नव्हतं. मुंबईच्या कचेरीत साहेबानं करार मराठीत वाचून दाखवला. पगार किती, राहायला जागा कशी, डॉक्टर, जाण्यायेण्याचं तिकीट, सगळं कलमवार. मग एकेकाला पुढं बोलावून विचारलं, समजलं का, राजीखुशीनं जातोस का. सगळे होय म्हणून बाजूला झाले. भागोजी तेवढे उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, “मी आजारी पडलो तर मला घरी कोण आणील?”

साहेबानं नवव्या कलमावर बोट ठेवलं. आजारानं किंवा इजेनं माणूस कामाला निकामी झाला, तर मालकानं स्वतःच्या खर्चानं, औषधपाण्याची सोय करून, सोबतीला माणूस देऊन त्याला घरापर्यंत पोचवायचं आणि कचेरीला कळवायचं. भागोजींनी ते दोनदा वाचून घेतलं आणि मग सही केली. त्यांची मराठी प्रत त्यांनी तुझ्याजवळ ठेवायला दिली होती. अर्जात तू कलमाचा आकडा घातला आहेस, त्यावरून ती तू वाचली आहेस हे दिसलं.

आता पुढचं. १९३१ च्या मे महिन्यात धक्क्यावर दोरखंड सुटला आणि सागवानी तुळई त्यांच्या छातीवर आली. तू म्हणशील, तापानं गेले असं का लिहिलंस. इस्पितळाच्या कागदावर ताप लिहिला होता म्हणून मीही तेच लिहिलं. ताप मागाहून आला. खोकला झाला की थुंकीत रक्त यायचं. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. तरी मला म्हणायचे, दादा, रंधा डाव्या हातानं धरून पाहतो.

त्या साली मंदी होती. कंपनी माणसं कमी करत होती. माणसांचं काम पाहणाऱ्या साहेबानं मला बोलावलं. इजा झाली म्हणून माणूस परत पाठवला तर मुंबईला कळवावं लागतं, मग तिकडून प्रश्न येतात, माणसं न्यायची परवानगी अडते. म्हणून त्यांनी एक इंग्रजी कागद करून ठेवला होता. घरच्या अडचणीमुळे मी राजीखुशीनं काम सोडत आहे, असा. कारकुनानं मला त्याचा अर्थ नीट सांगितला होता. मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. साहेब म्हणाला, “तो तुझं ऐकतो. त्याची सही आण. कामावर ठेवायच्या लोकांची यादी मी शनिवारी करणार आहे.”

मी इस्पितळात गेलो. भागोजी उशाला टेकून बसले होते. कागद पुढं केला. त्यांनी विचारलं, काय लिहिलं आहे. मी म्हटलं, तुम्हाला घरी पाठवायचं लिहिलं आहे.

“तोच नियम ना, दादा?”

“होय,” मी म्हटलं. “तोच.”

त्यांनी डाव्या हातानं सही केली. खाली साक्षीला मी केली.

राजीखुशीनं निघालेल्या माणसाचं कंपनीवर काही बंधन राहत नाही. डेकवरचं तिकीट दिलं, तेवढंच. सोबत माणूस नाही, औषध नाही. मी बोटीवर चढवून द्यायलाही गेलो नाही, कामावर होतो. कराचीला पोचायला दोन दिवस होते, तेव्हा ते गेले आणि त्यांना समुद्रात सोडलं. पुढचं तुला ठाऊक आहे. कंपनीनं लिहिलं, हा आमचा माणूस नव्हे, स्वतः काम सोडून गेलेला आहे. आणि मी गप्प राहिलो. तुला तिकडे काय काय ऐकावं लागलं, ते आईकडून माझ्या कानावर येत होतं, तरी गप्प राहिलो.

येत्या गुरुवारी कचेरीत मला साक्षीला बोलावलं आहे. काल कंपनीचा एजंट घरी येऊन गेला. कागद वाचून दाखवला होता एवढंच म्हणायचं, जानेवारीची बोट ठरलेली आहे, असं सांगून गेला. आईनं त्याला चहा दिला.

मी मंगळवारच्या आगबोटीनं निघतो आहे. साक्षीदाराचं नाव तुला कचेरीकडून कळलंच असतं. त्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. यात माझं काही मोठेपण नाही.

हरिश्चंद्र


मांडवी, रत्नागिरी
ता. ५ डिसेंबर १९३३

चि. राहीस आशीर्वाद.

पहिलं पत्र पोचलं असेल असं धरून लिहितो. गुरुवारी साक्ष झाली.

साहेब नवा होता, आपला करार करणारा नव्हे. एजंट त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता. माझ्यापुढं तो कागद ठेवला. भागोजींची सही वाकडी आली आहे, पण अक्षर न अक्षर लागतं. त्याखालची सही कुणाची, साहेबानं विचारलं. माझी म्हटलं. कागद त्याला वाचून दाखवला होता का? मी एजंटाकडे पाहिलं नाही. नाही म्हटलं.

“मग त्याला काय सांगितलं?”

“आजारी माणसाला घरी पोचवायचा जो नियम आहे, तो हाच, असं सांगितलं.”

साहेबानं लेखणी खाली ठेवली. का, म्हणून विचारलं. मी यादीचं सांगितलं. कारकुनाला लिहून घ्यायला सोपं जावं म्हणून मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि लिहिलेलं खरं आहे का म्हणून त्यानं वाचून दाखवलं तेव्हा तिसऱ्यांदा ऐकावं लागलं. एजंट मध्येच उठून गेला.

साहेब म्हणाला, निकाल लागायला महिना दोन महिने जातील. तुझंही नाव नोंदीला राहील; खोटी साक्ष घातलेल्या माणसाला ही कचेरी पुन्हा परदेशी कामाला पास करणार नाही. बरोबर आहे, म्हटलं. ते सोडून दुसरं काय म्हणणार.

आणखी एक आहे. पहिल्या पत्रात ते लिहिलं नाही, कारण मला वाटलं, तुझा त्याच्याशी काय संबंध. तसले कागद त्या वर्षात सात झाले. साहेबानं सगळे मागवले आहेत. सातांपैकी तीन कागदांवर साक्ष माझी आहे. भागोजींचा शेवटचा होता. पहिल्या वेळेला हात जड झाला होता, तिसऱ्या वेळेला तेवढा झाला नाही. हे मी आजवर स्वतःशीही बोललो नव्हतो.

त्यातला एक केरू, आपल्याच मांडवीतला. त्याचा पाय गेला. बंदरावर मी दिसलो की तो आधी रामराम करतो. काल त्याच्या घरी जाऊन त्याला सांगितलं. तो जाळ्याला सूत भरत होता. हात न थांबवता म्हणाला, “मला वाटलं होतं, तुलाही वाचता आलं नसेल.” मग त्याच्या बायकोनं मला जायला सांगितलं.

तुझ्याकडे क्षमा मागत नाही. मागण्याजोगं काही माझ्याजवळ उरलेलं नाही. मी आता इथंच होड्यांच्या दुरुस्तीची कामं घेतो आहे.

प्रकृतीला जप. गंगेला आशीर्वाद.

हरिश्चंद्र


अलोरे
ता. १८ फेब्रुवारी १९३४

ती. दादास राहीचा नमस्कार.

तुझी दोन्ही पत्रं पोचली होती. पहिलं आलं तेव्हा मी भात सडत होते. उंबऱ्यात बसून पुरतं वाचलं, पदराला बांधलं आणि उरलेलं भात सडलं. उत्तराला इतके दिवस लागले, कारण काय लिहावं ते समजत नव्हतं.

मुंबईहून परवा निकाल आला. तो इंग्रजी कागद रद्द केला आहे. गंगेचे वडील कामावर झालेल्या इजेनं गेले, असं धरलं आहे. कंपनीकडून जे यायचं ते येईल आणि पुढली चौकशी होईपर्यंत तिला इकडची माणसं न्यायला बंदी केली आहे. हे सगळं साहेबानं मराठीत लिहून पाठवलं.

तो निकाल मी काशीरामभावोजींच्या हातात दिला आणि म्हटलं, देवळात सगळे बसले असतील तिथं मोठ्यानं वाचा. दोन वर्षं त्यांनीच त्याच देवळात म्हटलं होतं की माझा भाऊ काम टाकून पळाला आणि वाटेत मेला. गंगेला विहिरीवर पोरी त्यावरून बोलायच्या. भावोजींनी वाचलं. वाचून झाल्यावर ते पायरीवर बसले आणि सगळ्यांसमोर रडले. मी कधी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. गंगेनं मला विचारलं, म्हणजे बाबा पळाले नव्हते ना? मी म्हटलं, नव्हते. ती म्हणाली, मला ठाऊकच होतं. तिला ठाऊक नव्हतं, दादा. माझ्यासाठी म्हणाली.

तू खरं सांगितलंस म्हणून हे झालं. ते मी विसरणार नाही.

पण एक गोष्ट मनातून जात नाही, ती लिहिते. तुझ्या पत्रात आहे की तोच नियम ना, असं विचारून त्यांनी सही केली. म्हणजे बोटीवर चढताना त्यांना वाटत असणार की सोबतीचा माणूस येईल, औषध येईल. एक दिवस वाट पाहिली असेल, दोन दिवस पाहिली असेल. मग काय समजले असतील? कंपनीनं फसवलं असं समजले असतील, तर बरं. पण मला त्यांचा स्वभाव माहीत आहे. ते म्हणाले असतील, इंग्रजी वाचताना दादाची काहीतरी चूक झाली, बिचाऱ्याला कळलं तर वाईट वाटेल. तुझ्यावर शेवटपर्यंत त्यांचा विश्वास राहिला असेल. हे मला सोसत नाही. तू दगा दिलास ते कदाचित मी कधीतरी सोशीन, हे नाही.

आईला पाहायला शिमगा झाला की येणार आहे. गंगेला घेऊन चार दिवस राहीन. त्या चार दिवसांत तू घरी असू नकोस. वहिनीला तसं सांग. आईला काय सांगायचं ते तू ठरव, मात्र जे सांगशील ते खरं सांग.

इथून पुढं पत्र लिहिलंस तर मी वाचीन. उत्तराचं सांगता येत नाही.

त्यांचं नाव आजवर तोंडानं घेतलं नाही, कागदावर घालते.

राही भ्रतार भागोजी