पिवळं पाणी

१९ फेब्रुवारी
नसरापूरला ST चुकली. वेल्ह्यात शाळेत पोचेपर्यंत पहिला तास बुडाला. विज्ञानाच्या जाधव सरांनी जिन्यातच गाठलं. विज्ञान दिनाला भोंदूगिरी उघडी पाडणारे प्रयोग करणार आहेत. फळ्यावर मोठ्ठं 'डीबंक' लिहायचं, अर्थ मी सांगायचा. इंग्रजी माझ्या गळ्यात ना!
प्रयोग कुठला, विचारलं.
"कावीळ उतरवायचा, मॅडम." बोलून गेले आणि मग त्यांना आठवलं. बिचारे खिशात खडूच शोधायला लागले.
महेशला काविळीनं जाऊन वर्षही झालं नाही. माझा धाकटा भाऊ.

२१ फेब्रु.
शब्द शोधला. अमेरिकेत बंकम नावाचा जिल्हा. तिथला प्रतिनिधी सभागृहात उगाच लांबण लावत होता. बाकीचे म्हणाले, बसा आता. तर म्हणाला, मी तुमच्यासाठी नाही, माझ्या बंकमच्या लोकांसाठी बोलतोय. तेव्हापासून पोकळ बोलणं म्हणजे बंकम, पुढे नुसतं बंक. ते काढून टाकायचं, म्हणून डीबंक.
पोरं खो खो हसतील. मला हसू आलं नाही. आपल्या माणसांसाठी बोलत होता म्हणे.

२३ फेब्रु., उत्रोली, घरी
आईचं पुन्हा तेच. जेवताना.
"आबांनी त्येचं हात धुतलं तवा पानी पिवळंजर्द झालं गं. म्या डोळ्यांनी बघितलं. समदी कावीळ उतरली व्हती. देवाच्याच मनात न्हवतं."
आबा म्हणजे वेल्ह्यापलीकडच्या वस्तीवरचा कावीळ उतरवणारा. आई महेशला तिथंच नेत राहिली. मी परगावी होते; मला कळलं तेव्हा पोरगा भोरच्या दवाखान्यात होता, डोळे हळदीसारखे. उशीर झाला, डॉक्टर म्हणाले.
आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस हाताला, वर चुन्याचं पाणी. निरोग्याचाही हात पिवळा होतो. मला ठाऊक आहे. आईला नाही. त्या पिवळ्या पाण्यावरच ती जगते आहे. आपण पोरासाठी सगळं केलं, एवढंच तिच्याकडे उरलंय. ते मी काढून घेऊ? नाही जमणार.

२६ फेब्रु.
जाधव सर: "तुमच्या बांधावर आंबा आहे ना? ओली साल आणाल?" हो म्हणून बसले. आबाचा राग आहेच. दुसऱ्या कुणाचा महेश तरी वाचेल.
आईला म्हटलं, सरांना औषधाला हवीय.

२७ फेब्रु.
संध्याकाळी घरी आले तर आईनं सालीचा ढीग सोलून ठेवलेला. औषधाला म्हटल्यावर हात कशाला आखडेल ती. हात न धुताच ओट्यावर टेकली, तंबाखूला चुना घेतला. नेहमीसारखी मळली.
मी चहा टाकत होते. चहासाठी तिची हाक आली नाही, म्हणून बाहेर बघितलं.
आई तळहात बघत बसलेली. बोटं, अंगठा, सगळं पिवळं. तंबाखू खाली सांडलेली.
"सुमे, मला कावीळ झाली का गं?"
"नाही आई."
"मग ह्ये?"
तिनं सालीकडं बघितलं, चुन्याच्या डबीकडं बघितलं. आई शाळेत गेली नाही, पण खुळी नाही.
"महेशच्या येळचं पानी असंच व्हतं न्हवं?"
"नाही. ते वेगळं होतं. गडद होतं." तेव्हा मी तिथं नव्हतेच. तिला माहीत आहे. तरी बोलत राहिले, आबांचं पाणी असं नव्हतं, तुझं काही चुकलं नाही, देवाच्या मनात... सगळं बंकम. माझ्या एका माणसासाठी.
तिनं मान हलवली. माझ्याकडं बघितलं नाही. मोरीत जाऊन हात घासत बसली. माझी आई. मला तिला धरून रडायचं होतं, जवळ जायचा धीर झाला नाही.

२८ फेब्रु., सकाळ
साल पिशवीत भरली. ST ला अवकाश आहे.
आई चांगलं लुगडं नेसून दारात उभी आहे. चपला घातल्यात.
"मी बी येते तुज्या शाळंत. सर काय करून दावत्यात ते बगू दे मला."
तिच्या नखांत पिवळं तसंच आहे.