दोन मजल्यांची वेळ

६ जानेवारी, मंगळवार
नववी ब म्हणजे निव्वळ दगडांची खाण! कार्य म्हणजे काय विचारलं, तर बजरंग उभा राहून म्हणतो, "बाई, दिसभर राबनं." अरे, दिवसभर भिंत ढकललीस आणि भिंत हलली नाही, तर कार्य शून्य! पटतच नाही कुणाला. घाम आला की काम झालं, हा यांचा सिद्धांत.
उद्या जिन्याचा प्रयोग. पळत दोन मजले चढायचे. वजन आणि उंचीवरून कार्य काढायचं, त्याला वेळेनं भागायचं, की शक्ती. दरवर्षीप्रमाणे आधी मी चढणार.
कोमलचा फोन. "आई, छातीत जळजळतंय ना अजून? ईसीजी काढ." लेक डॉक्टर झाली, आणि पहिला पेशंट मीच!

७ जानेवारी
वर घड्याळ घेऊन सृष्टीला उभं केलं. हिचे वडील भिमाजी बैलगाड्यांच्या शर्यतीत घाटावर, म्हणजे धावपट्टीवर, वेळ घेतात, ही त्यांच्या शेजारी बसून शिकली. तेवढंच येतं. बाकी गणिताच्या नावानं शंख!
मी एकोणीस सेकंद! मधल्या वळणावर भिंतीवर कुणी नाव कोरलंय ते बघायला थांबलेसुद्धा, तरी गेल्या वर्षीइतकेच. पीटीचे गणेश सर बावीस. शिट्ट्या फुंकून पोट तेवढं सुटलंय.
डावा खांदा दुखतोय. पर्स जड झालीय.

९ जानेवारी, शुक्रवार
कोमल रजा टाकून लोणावळ्याला हजर. सोमवारची अपॉइंटमेंटही घेऊन आली, मला न विचारता! तिच्यापुढे आकडाच ठेवला. हृदय बिघडलेलं माणूस दोन मजले एकोणीस सेकंदांत चढेल? एवढी शिकलेली डॉक्टर, आणि नववीच्या धड्यानं तोंड बंद! अपॉइंटमेंट रद्द करायला लावली.

१० जानेवारी
जळजळ. मिसळ बंद.

१२ जानेवारी, सोमवार
वर्गात मुद्दाम सांगितलं — लोक मतं देतात, आपण मोजायचं. कोमलची फजिती ऐकून सगळे हसले. सृष्टी तेवढी नाही. खाली मान घालून नखं कुरतडत बसली होती. ठोंबी!

१३ जानेवारी, मंगळवार
शाळा सुटल्यावर सृष्टी वडिलांना घेऊन आली. रडत होती. मला वाटलं, नापासाचं गाऱ्हाणं.
"बाई, घड्याळ म्या मुद्दाम आदी दाबलं. तुमी वळनावर कठडा धरून उभ्याच ऱ्हायलात. भिंतीकडं बघत नव्हता, डोळे मिटलं हुतं. पोरं हसतील म्हनून..."
"खरी वेळ?"
"एक्केचाळीस."
खोटारडी म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात भिमाजीच बोलले. "बैलाची वेळ आमच्यात कुनी चोरत न्हाई, बाई. वेळ वाढली की त्याच दिशी जनावर घाटातनं काढतो, डॉक्टरला दावतो. हिनं तुमची चोरली. काल घरी येऊन सांगितलं, जेवली पन न्हाई."
गेल्या वर्षी घड्याळ कुणाच्या हातात होतं? आठवलं. हिच्याच मोठ्या भावाच्या! म्हणजे तो आकडाही गेला.
भीती वाटली. एवढी मोठी बाई, आणि तीन मजले चढून घरी जाताना प्रत्येक वळणावर बसले. कोमलला फोन मीच केला.

१४ जानेवारी, संक्रांत
दवाखान्यातून. एक पायरीही उतरायची नाही, अशी कोमलची ताकीद होती. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. भिमाजीभाऊ आणि बजरंगच्या वडिलांनी मला खुर्चीत बसवून तिन्ही मजले उतरवलं. दोघं घामानं निथळत होते. सृष्टी पुढं, वाट मोकळी करत. ॲम्ब्युलन्सपाशी खुर्ची टेकली तेव्हा सवयीनं विचारलं, "किती झाले गं?"
"घड्याळ लावलंच न्हाई, बाई."