तारेखालचा सांधा

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गोदीत सध्या जेवायलाही उसंत नाही. पहिलं विमानवाहू जहाज नौदलाच्या ताब्यात द्यायची तारीख जाहीर झाली. पाठोपाठ आणखी दोन बांधणार, अशी घोषणाही झाली. जगाने आपल्याकडे बघत राहावं, असं साहेब म्हणतात. आम्ही घड्याळाकडे बघतोय.

जाड पोलादाचा सांधा वेल्डिंगनंतर कापडात गुंडाळून हळूहळू निवू द्यायचा असतो. चीर उशिरा पडते, म्हणून तपासायचा दोन दिवसांनी. परवा घाईत कापड लगेच काढलं आणि मला त्याच संध्याकाळी तपासायला लावलं. तेव्हा सांधा चांगला होता. आज मी आपणहून पुन्हा पाहिला, तर केसाएवढी चीर. साहेबांना सांगितलं, तर ते माझ्यावरच उखडले. शेवटची सही अजून माझी व्हायची आहे.

भुंग्याला म्हणावं, वैमानिक झालास तरी मामाला दोन ओळी लिहीत जा.

तुझा,
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मागच्या गोदीतून असाच हट्ट करून बाहेर पडलास आणि वर्षभर वहिनीने शिकवण्या करून घर चालवलं. केसाएवढ्या चिरेचं काय घेऊन बसलास?

भुंगा तुमच्या जहाजावर सर्वांत आधी उतरणाऱ्या तुकडीत निवडला गेलाय! स्वारी हवेतच आहे. पण तारीख पुढे गेली, तर त्याची बदली होईल आणि ही संधी दुसऱ्या कुणाला मिळेल. माझ्यासाठी एवढी एक सही कर.

तुझी,
ताई

१३ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तुझा शब्द आजवर मोडला नाही, म्हणून आज सगळं सांगतो. जहाजावर उतरताना विमान आकड्याने एक आडवी तार पकडतं आणि थांबतं. ती तार जिथे जखडलेली आहे, तिथलाच हा सांधा. तो उखडला तर पुढे समुद्र आहे.

मी सही केली नाही. काल मला घरी बसवलं. भुंग्याला काय सांगायचं ते तू ठरव. लोभ कमी करू नकोस, एवढंच मागतो.

धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तारीख पुढे गेली. सांधा कापून नव्याने करणार आहेत म्हणे. तुला परत बोलावतील की नाही, देव जाणे. वहिनीला म्हणावं, या वेळी शिकवण्यांचा भार एकटीने उचलायचा नाही, मी आहे.

भुंग्याची बदली झाली. चार दिवसांच्या रजेवर आलाय. मामाचं नावसुद्धा काढू नकोस म्हणाला. मी त्याला सांगितलं, सही करू नकोस म्हणून मामाला मीच लिहिलं होतं. तेव्हापासून माझ्याशीही अबोला. शेजारच्या खोलीत पाय आपटत येरझाऱ्या घालतोय.

ते ऐकत बसलेय. बरं वाटतंय.

तुझी,
ताई