शून्य ग्रॅम साखर

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

साखर — शून्य ग्रॅम! छापून आलंय!

चकचकीत तपकिरी पाकीट, पुढे ज्वारीचं कणीस, मागे पोषणमूल्यांचा तक्ता. एक बार ४० ग्रॅमचा. ऊर्जा १७०, प्रथिनं ४, तंतू ३, साखर ०. आदितीनं पाकीट माझ्या हातात ठेवलं. "वहिनी, बघा ना कसं झालंय!"

लग्नाआधी दोन वर्षं एका बेकरीच्या प्रयोगशाळेत मी हेच काम करत होते. असले तक्ते मी झोपेतही केले असते. घटक वाचले — ओट्स, ज्वारीच्या लाह्या, नाचणी, शेंगदाणे, गूळ, चॉकलेट चिप्स.

"शून्य कशी गं?"

"साखर घातलीच नाही ना! आपल्यात मध चालत नाही, म्हणून सगळा गूळच. आपला कोल्हापुरी, बिनरसायनाचा."

गूळ म्हणजे साखर नव्हे! अख्खं कोल्हापूर असंच समजतं, ही तरी काय वेगळी? तक्त्यात गूळ साखरेतच धरायचा असतो. आणि त्या चिप्सच्या पोत्यावर पहिलाच घटक साखर आहे, तेही हिनं वाचलेलं नाही. सांगायला मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात सासरे आत आले, पाकीट उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, "ह्येला म्हंतात डोस्कं! आमच्या धाकटीला डोस्कं हाय!"

मी तोंड मिटलं.

बी.एस्सी. मी आहे. ती बारावी आणि शिवणक्लास. चौदा वर्षांपूर्वी मी पुढची खोली मागितली होती, आहाराचा सल्ला द्यायला. तेव्हा हेच तात्यासो म्हणाले होते, "काय खायचं ते सांगायला पैसं कोण देतंय गं? घरातलं बघ." आणि आता हिच्यासाठी मागची गुळाची अख्खी वखार रिकामी केली! भट्टी आणली, हाताखाली बनाबाई दिली.

मी जळते. लिहून टाकलं. बरं वाटलं नाही, पण लिहून टाकलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

या घरात माझं राज्य एकाच ठिकाणी आहे — तात्यासोंच्या ताटात. आठ वर्षांपूर्वी त्यांना मधुमेह निघाला. त्या दिवसापासून भात किती, भाकरी किती, गोळी कधी, सगळं मी बघते. गुळाचा अडत्या माणूस! सकाळी मार्केट यार्डात सौद्याला उभं राहिलं की गुळाच्या रव्याचा, ढेपेचा, तुकडा काढून जिभेवर ठेवल्याशिवाय बोली लावायचे नाहीत. तेही मी बंद केलं. पहिलं वर्षभर माझ्याशी धड बोलत नव्हते. तांब्या आपटायचे. पण तीन महिन्यांची सरासरी साखर मी सातच्या वर जाऊ दिली नाही. एकदाही नाही.

आज दिवस मावळायच्या आत आमची जेवणं झाली — आम्ही जैन, आमच्यात रात्री जेवत नाहीत. आदितीनं सगळ्यांपुढे एकेक बार ठेवला. तात्यासोंपुढेही! आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "चालंल न्हवं गं ह्येन्ला?"

एक शब्द पुरे होता. "नाही." बस्स.

मी म्हणाले, "पाकिटावर शून्य लिहिलंय ना. वाचा की."

आदितीचा चेहरा एवढा खुलला! तात्यासोंनी अर्ध्या मिनिटात बार संपवला आणि बोटं चाटली. आठ वर्षांत माझ्या हातचं खाऊन कधी बोटं चाटली नव्हती त्यांनी.

७ नोव्हेंबर

हिशेब केला. बनाबाईला सहज विचारलं, एका घाण्याला गूळ किती, चिप्स किती, बार किती निघतात. एका बारात गूळ ११ ग्रॅम, चिप्स ६. साखर साडेबारा ग्रॅमच्या आसपास. तीन चमचे!

प्रथिनं बरोबर आहेत. तंतूही बरोबर आहेत. ते बरोबर असल्याचा जास्त राग आला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

महिलांच्या प्रदर्शनात तीन तासांत सगळा माल संपला. शिवाजी पेठेतली फुटबॉलची पोरं सामन्याच्या मधल्या वेळेत हेच बार खातात म्हणे. आदिती पैठणी नेसून फोटोत. मीही गेले होते. बार खोक्यातून काढून देत होते मी! एका बाईंनी विचारलं, "ह्या कोण? कामाला आहेत का?"

आदिती लगेच म्हणाली, "नाही ओ, मोठ्या जाऊबाई माझ्या. आमच्या घरातल्या डॉक्टरच म्हणा."

चांगलंच बोलली. मला तेही सोसलं नाही. घरी येऊन विनाकारण ओट्यावरची भांडी परत घासली.

२३ नोव्हेंबर, रविवार

तात्यासो आता दोन खातात. एक सकाळी दुधाबरोबर, एक संध्याकाळी. पारस म्हणाला, "अगं, दोन चालतात का?" नवरा माझा, पण काळजी अशी विचारतो जशी काही मी रेशन दुकानावरची बाई आहे.

"तुझ्या भावजयीला विचार," म्हटलं.

२ डिसेंबर, मंगळवार

आज ती स्वतः विचारायला आली. शाळेची ऑर्डर यायची आहे — मधल्या सुट्टीत पोरांना द्यायला, रोज आठशे बार! शाळा आधी नमुना पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवून तपासून घेणार. आदिती माझ्या खोलीच्या दारात उभी. हातावर पीठ.

"वहिनी, एकदा तक्त्यावर नजर टाकाल? तुमचं शिक्षण आहे त्यातलं. मला भीती वाटतीय."

भीती वाटत होती तिला. खरंच वाटत होती. मी पाकीट घेतलं. चष्मा लावला. मिनिटभर वाचण्याचं नाटक केलं.

"छान आहे," म्हटलं. "काही बदलू नको."

ती माझ्या गळ्यातच पडली. पीठ माझ्या पदराला लागलं.

३ डिसेंबर

मी सांगितलं असतं तर म्हणाले असते, मोठी जळते. प्रयोगशाळा बोलली की कुणाला काही म्हणता यायचं नाही. तेव्हा बघू कुणाला डोस्कं आहे ते!

१८ डिसेंबर, गुरुवार

तात्यासोंना भेटायला मलकापूरचे जुने पाहुणे आले होते. तात्यासोंनी त्यांना बार दिला आणि म्हणाले, "खा वो पावणं, ह्यात साखर न्हाय. आमच्या धाकट्या सुनंनं केल्यात. माझ्या म्हातारपणाला ग्वाड खायला दिलं पोरीनं."

आणि मी? आठ वर्षं मी काय दिलं? कारल्याचा रस. मेथीचे दाणे. रोज संध्याकाळी "तात्या, बास" म्हणून मागं घेतलेला हात. घरात वाईट व्हायचं काम माझ्याकडे होतं, ते मी केलं. आता गोड व्हायचं काम ती करते आणि माणसं तिची.

पाहुण्यांना चहा दिला. माझी ओळख कुणी करून दिली नाही.

४ जानेवारी २०२६, रविवार

तात्यासो हल्ली उशाला पाण्याची बाटली ठेवतात. उजव्या पायाच्या अंगठ्याला नव्या चपलेनं फोड आला होता, बारा दिवस झाले, भरत नाही. सासूबाई हळद लावतात.

मला कळतंय. हळदीनं काही होणार नाही, हे मला कळतंय. रक्त तपासायला न्यायला हवं.

प्रयोगशाळेचा अहवाल पंधरा दिवसांत येईल. तेवढे दिवस —

हे मी काय लिहितेय!

८ जानेवारी

आज ठरवून त्यांच्या खोलीत गेले. पाकीट काढून घ्यायचं, एवढंच. आदिती तिथेच बसली होती, त्यांचे पाय चेपत. दोघं कशावर तरी हसत होती. मी आल्यावर हसायची थांबली.

पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि परत आले.

१९ जानेवारी, सोमवार

अहवाल आला. साखर १२.३ ग्रॅम. शाळेनं ऑर्डर रद्द केली. वर पत्र लिहिलंय की लहान मुलांच्या खाण्याबाबत अशी दिशाभूल योग्य नाही.

आदिती वखारीत जमिनीवर बसून रडली. "गूळ साखरेत धरतात हे मला माहीतच नव्हतं ओ! मी फसवायला नाही केलं!" तिचा नवरा, माझा धाकटा दीर चिराग, पाकिटांचे गठ्ठे मोजत बसला. दहा हजार पाकिटं छापून पडलीत. बनाबाई भट्टी पुसत राहिली, गार भट्टी.

खोटं कशाला लिहू — मला आनंद झाला. असा आनंद झाला की मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आले, कुणाला दिसू नये म्हणून. अर्धा तास टिकला.

मग पारसनं विचारलं, "तुला दाखवलं होतं न्हवं तिनं? तुला कसं कळलं नाही?"

मी उत्तर जुळवत होते, तोवर आदितीच मध्ये बोलली. "वहिनींना कशाला बोलताय भावजी? गूळ किती घालते ते मीच त्यांना सांगितलं नव्हतं."

तिला खरंच तसं वाटतं. माझ्याबद्दल दुसरं काही तिच्या मनातही येत नाही. आणि एकदम सासूबाईंच्या हातातला तांब्या खाली पडला. "अगं बाई... मग ह्येनी रोज दोन-दोन खाल्ल्यात की गं!"

२० जानेवारी, मंगळवार

सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं, दुपारी दवाखाना. तीन महिन्यांची सरासरी ८.९. डॉक्टरांनी अंगठा दाबून बघितला, आतून पू आला. म्हणाले, अजून आठवडा गेला असता तर बोट काढायची वेळ आली असती. उद्यापासून इन्सुलिन. रोज मलमपट्टी. जखम भरेपर्यंत पाय खाली टेकवायचा नाही.

"इतकी वर्षं एवढं छान सांभाळलंत," डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले. "या वेळी काय झालं?"

आदिती हुंदके देत म्हणाली, "माझ्यामुळं झालं." दवाखान्यातल्या सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. मी खुर्चीवर बसून होते, मांडीवर तात्यासोंची फाईल. आठ वर्षांचे सगळे कागद मीच तारखेप्रमाणे लावलेले. तेव्हाही बोलता आलं असतं. नाही बोलले.

घरी आल्यावर आदितीला वखारीत गाठलं आणि सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं, हेही. "छान आहे" मुद्दाम म्हटलं, हेही. तिनं हातातली पाकिटं खाली ठेवली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "पण तात्या, वहिनी? तात्यांनी तुमचं काय केलं होतं?"

२१ जानेवारी, बुधवार

पहिलं इन्सुलिन मीच टोचलं. सुई काढली तेव्हा मी तात्यासोंनाही सांगायला लागले, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"पन्नास वर्सं गूळ इकला म्या, रोहिणी. त्यात गूळ किती हाय ते पयल्या घासालाच कळलं मला."

"मग खाल्लात का, तात्या?"

"पयलं दोन दिवस ग्वाड लागलं म्हणून. मग तू आडवशील म्हणून. आज वरडशील, उद्या वरडशील, म्हणून वाट बघायचो. तू काय बोलंनास. म्हटलं, कटाळली पोरगी. आपुन नकोसं झालो हिला."