आप्पांच्या समाधीजवळचं सोलर

मंगळवार, दिवेलागण

सोलर पंपाच्या खांबासाठी अण्णानं पहार मारली, ती आमच्या वडलांच्या, आप्पांच्या समाधीला लागून! म्हणे दुसरीकडं सावली पडते. आमच्यात माणसाला जाळत न्हाईत, शेतात बसवून पुरतात. हे थोरल्या भावाला मी सांगायचं? मनगट धरलं, तर त्यानं तोंडावर बुक्की हाणली. ओठ फाटला. आटलेली विहीर खोल करताना निघालेला दगड मी उचलला, त्याचं डोकं फोडायलाच. खरंच फोडलं असतं? व्हय, फोडलं असतं.

आई मधी येऊन समाधीवर बसली. "आधी मला पुरा, मग खांब रोवा."

सोलर बसवायला आलेला लातूरचा फिटर घाबरून म्हणाला, "खड्डा नकोच. स्टँड जमिनीवर ठेवू, वर वजन देऊ."

"दगड चालतील?" अण्णानं माझ्या हाताकडं बघत विचारलं. "मग पहिला ह्यो ठिव."

ठेवला. पण दगडावरची मूठ लवकर सुटंना.