माळावर निरंक

आबा,

आपल्या माळावर मशीन लागलं आणि ते माझ्या हातानं लागलं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मी इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि तुम्हाला ते कधीच आवडायचं नाही. तुम्ही गेल्याला बरीच वर्षं झाली. तुमच्या बीटवर आता वनरक्षकच नाही. शेजारच्या बीटवाल्याकडे कागदोपत्री चार्ज आहे आणि तो बिचारा स्वतःचंच रान फिरून थकतो. मी नगरला पाणी अडवा, माती अडवाच्या ऑफिसात आहे. हाताखाली चार माणसं आहेत, दारावर पाटी आहे. तुम्ही असतात तर गावभर सांगत फिरला असतात, आणि घरी आल्यावर मला म्हणाला असतात, फार हवेत जाऊ नको.

दोन वर्षांपूर्वी असं ठरलं की तिसगावच्या पलीकडचा सगळा कोरडा पट्टा एकत्र बघायचा. आजवर काय व्हायचं, एक खातं झाडं लावायचं आणि दुसरं त्याच झाडांतून चर काढायचं. तिसरं खातं वरून मेंढ्यांना परवानगी द्यायचं. प्रत्येकाचं आपलं घोडं पुढे. तर सहा खात्यांनी एका टेबलाला बसून एकच नकाशा करायचा, आणि त्याची जमवाजमव माझ्याकडे आली. पहिल्या बैठकीला निम्म्यांनी ज्याला काहीच माहीत नाही असा माणूस पाठवला. मी फोन केले, गोड बोलले, भांडले, एकाच्या मुलीच्या लग्नालासुद्धा जाऊन आले. चौथ्या बैठकीला सहाच्या सहा साहेब स्वतः आले. त्या दिवशी मला तुमची फार आठवण झाली होती. वाटलं, आबा जे हिवराखाली करायचे तेच मी एसीत करतेय.

पोळ्याच्या आधीचा एखादा दिवस. तुम्ही सायकलवर, मागे कॅरिअरवर मी, आणि माझ्या मांडीवर साखर-चहापत्तीची पिशवी. माळाच्या कडेला त्या वाकड्या हिवराखाली तलाठी बसलाय, वस्तीवरचे धनगर बसलेत, गावचे चारदोन शेतकरी आहेत. तीन दगडांवर चहा उकळतोय. तुम्ही भाषण करत नाही. सगळ्यांचं ऐकून घेता, मधेच कुणाची तरी खोडी काढता, आणि मग म्हणता, "मग पोळ्यापासनं दसऱ्यापातुर रान बंद. गवताचं बी पडू द्या. कबूल का?" तलाठी म्हणतो, कागद करून घेऊ की. तुम्ही म्हणता, "कागद नगं. ह्या लोकांनी तोंडानं दिलेलं मोडत न्हाईत. कागद केला की मोडायची वाट शोधत्यात." आणि खरंच कुणी मोडलं नाही. पश्चिमेच्या खडकाळ उतारावर दर हिवाळ्यात लांडगी विते, हे त्या प्रत्येकाला माहीत होतं. वर्षाला एखाददुसरं कोकरू जायचं, बाया तिला शिव्या मोजायच्या, पण बिळात कुणी धूर घातला नाही. तेवढंही त्या चहात ठरलेलं असायचं.

कागद केला नाहीत, आबा. त्याचा राग मला आत्ता येतो. तुमच्यावर राग काढणं सोपं आहे म्हणून येत असेल.

कारण आमच्या आराखड्यात प्रत्येक गटाला एक तक्ता होता आणि त्यात 'वन्यजीव व चराई' असा रकाना होता. आपल्या माळापुढे तो रकाना मोकळा. माळ अर्धा वनाचा, अर्धा गायरान, म्हणून दोन्ही खात्यांनी तो एकमेकांचा समजून सोडून दिलेला. मार्च संपत आला होता. मी वनखात्यातल्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, नोंदच नाही. आमच्याकडं बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असा कारभार. नोंद नाही तर प्राणी नाही."

"मग मी लिहू काय?"

"निरंक टाका की. रकाना मोकळा दिसला की फाईल परत खाली येते. निरंक असलं की कुणी बघत पण नाही."

आणि मी निरंक टाकलं. आमच्यात ते भाजीत मीठ टाकावं तसं टाकतात. जिथे माहिती नसते तिथे निरंक, आणि तक्ता भरला. दुसऱ्या कुणी टाकलं असतं तर त्याला माफ होतं. पण मी त्या उतारासमोर दहा वर्षांची असताना तुमच्या शेजारी पालथी पडले होते. तुम्ही माझं डोकं गवतात दाबून धरलं होतं, फ्रॉकभर कुसळं रुतली होती, आणि समोर ती बारीक, मातकट लांडगी बिळाच्या तोंडाशी उभी राहून सरळ आपल्याकडे बघत होती. मला माहीत होतं. फाईल परत आली असती तर सहा जणांना पुन्हा गोळा करावं लागलं असतं, आणि माझं नाव पहिल्यांदा वरपर्यंत गेलेलं होतं. एवढंच कारण.

तुम्हाला ताप होता तेव्हाचंही सांगते. तुमचा रोजचा अहवाल मीच भरला होता, तुमच्यासारखं अक्षर काढून, आणि शेवटी लिहिलं होतं निरंक. मला वाटलं शाबासकी मिळेल. तुम्ही तो वाचलात, अंगावर घोंगडी घेतलीत आणि तापात माळावर जाऊन आलात. आल्यावर म्हणालात, "बगितलं न्हाई, आन न्हाईच, ह्या दोन येगळ्या गोष्टी हायेत. दुसरी लिवायला पाय झिजवाया लागत्यात." मग दोन दिवस बोलला नाहीत. आई म्हणत होती, पोरीनं मदतच केली ना. तुम्ही तिच्याशीही बोलला नाहीत.

पंधरा दिवसांपूर्वी वस्तीवरच्या मावशीचा फोन आला. तीच, जी मला मेंढीचं दूध द्यायची आणि तुम्हाला 'फारेष्ट' म्हणायची. आता कमरेत वाकलीय. मी गेले. पश्चिमेचा सगळा उतार पोकलेननं ओळीत खणलाय. गवत खाली गेलंय, मुरूम वर आलाय, आणि चरांच्या कडेला हातभर उंचीची रोपं खोचलीत. आमच्याच नकाशाप्रमाणे, अगदी इंचभर इकडे तिकडे नाही. मावशी मला हाताला धरून बीळ होतं तिथवर घेऊन गेली.

"तीन पिल्लं हुती. डोळं बी उघडलं नव्हतं. डायवरला काय कळतंय, त्यानं बकीट घातलं. ती दोन दिस हितंच घिरट्या घालत हुती, मंग गेली." ती म्हणाली, "तुझा बाप असता तर मशिनीपुढं आडवा झाला असता. तू मोठी सायबीन हायेस. हितं काय बी न्हाई असं कुनी लिवलं, ते तेवढं हुडकून काढ."

मी म्हणाले, "बघते, मावशी."

पूर्वेचं अंग अजून शाबूत आहे. तिच्या मेंढ्या आता तेवढ्यावरच आहेत. ते गेलं तर कळप विकून पोराकडे चाकणला जायचं, असं ती म्हणाली. काम थांबवायला एक पत्र पुरतं. माळ न पाहता मी नोंद केली, ती खोटी आहे, फेरपाहणी व्हावी, खाली माझी सही. नियमानं काम त्याच दिवशी थांबतं. मग माझी चौकशी लागेल, सहा खाती कानावर हात ठेवतील आणि दोन वर्षांचा आराखडा माझ्यासकट कपाटात जाईल.

आज शनिवार. सोमवारी मशीन पूर्वेला लागणार आहे. सकाळी ते पत्र लिहायलाच बसले होते. 'विषय' लिहून झाला, 'संदर्भ' लिहून झाला, आणि पुढे 'आबा' असं लिहिलं गेलं. मग कागद बदलला. ते पत्र पाच ओळींचं होतं, आणि हे बघा किती झालं. हे कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे हात अडला नाही. वाटलं होतं, तुम्हाला सगळं सांगितलं की ते दुसरं लिहायचा धीर येईल.

तसं झालं नाही, आबा. तुम्हाला सांगून मला हलकं वाटतंय. आता आणखी कुणाला सांगावंसं वाटत नाही.